रिकामी गाडी तपासायची नसते

४ फेब्रुवारी, रविवार
सकाळी कुरिअरच्या ऑफिसातून स्प्रिंगांचा खोका आणला. चार नग. दोन पुढच्या, दोन मागच्या. मूळ स्प्रिंगांपेक्षा आखूड आणि कडक. गाडी पस्तीस मिलिमीटर खाली येईल असं माहितीपत्रकात लिहिलं आहे. खोका शेजारच्या सीटवर ठेवला, कारण डिकीत स्टूल आहे. गाडी सुरू केल्याबरोबर पट्ट्याची घंटा वाजायला लागली. सीटखालच्या सेन्सरला खोका माणूस वाटला. खोक्याला पट्टा लावला तेव्हा गप्प झाली. दुपारी जेवण, भांडी. संध्याकाळी माहितीपत्रक पुन्हा वाचलं.

कारण इथे लिहून ठेवतो. इलेक्ट्रिक गाडी जितकी जमिनीलगत, तितकी खालून हवा कमी जाते. हवेचा अडथळा कमी झाला की एका चार्जमध्ये गाडी जास्त पळते. इलेक्ट्रिक गाडीत रेंज हेच सगळं. दुसरं काही कारण नाही.

पुढच्या रविवारी दुपारपर्यंत चारही बसवून होतील. उभा जन्म लिफ्टच्या तपासणीत गेला आहे. चार स्प्रिंगा म्हणजे काही डोंगर नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार
मुलीचा फोन. मार्चच्या तिसऱ्या रविवारी येते आहे, आठवडाभर राहणार. स्टेशनवर घ्यायला या म्हणाली. येतो म्हटलं. मग म्हणाली, बाबा, आई जाऊन आठ महिने झाले. मागच्या वेळी पुढची सीट लॉक होत नाही म्हणून तुम्ही मला मागे बसवलंत. या वेळी मागे बसवलंत तर मी सरळ टॅक्सी करून येईन, आणि तशीच परत जाईन. हसत म्हणाली, पण शेवटच्या वाक्याला हसत नव्हती.

सीटचं लॉक तेव्हा खरंच थोडं सैल वाटलं होतं. ती सीट मागे सरकवून पाठ जरा कलती ठेवलेली आहे. हिच्या पायांना तशी लागायची. मुद्दाम तशी ठेवली आहे असं नाही. बदलायचं कारण पडलं नाही.

स्प्रिंगांचं मुलीला सांगितलं नाही. सरप्राइज.

११ फेब्रुवारी, रविवार. रात्री
पुढचं एक चाक निघालं. चाकामागचा शॉकअब्सॉर्बर आणि त्यावरची स्प्रिंग असा अख्खा खांब बाहेर काढायला संध्याकाळ झाली. एक नट गंजलेला होता. बाकी काम योजनेप्रमाणे.

नवीन गार्ड आला आणि म्हणाला, काका, पार्किंगमध्ये रिपेरिंगला परवानगी नाही. हा गार्ड डिसेंबरात लागला, आधीचा ओळखीचा होता. रिपेरिंग नाही, सुधारणा आहे, असं सांगितलं. त्याने रजिस्टरात काहीतरी लिहिलं. मग खांब लिफ्टने वर आणला. बेडरूममध्ये जागा मोकळी आहे. तिथे जमिनीवर गोधडी टाकून टॉर्चच्या उजेडात दोन्ही बाजूंनी हूकवाले स्क्रू लावले आणि स्प्रिंग दाबायला घेतली. अर्धी दबली. मग एक हूक तिरका झाला. पुढे दाबणं शहाणपणाचं नाही, मागे सोडणंही नाही. तशीच ठेवली.

गाडी तीन चाकांवर आणि एका लोखंडी स्टँडवर उभी आहे. सुरक्षित आहे.

१२ फेब्रुवारी, सोमवार
हॉलमध्ये झोपलो. दाबलेल्या स्प्रिंगशेजारी माणसाने झोपू नये, हा साधा सेफ्टीचा नियम आहे. तशीही बेडरूमची ट्यूब जूनपासून गेलेली आहे, त्यामुळे मी हॉलमध्येच झोपत होतो. पण आता कारण पक्कं झालं.

१४ फेब्रुवारी, बुधवार
मेहुणी डबा घेऊन आली. हिची धाकटी बहीण. तोंडाने फटकळ, मनाने चांगली असं ही म्हणायची. पहिल्या निम्म्याचा अनुभव मला आहे. बेडरूमचं दार ढकललं आणि तिथेच थांबली. भावोजी, हा काय बॉम्ब करताय का, म्हणाली. समजावून सांगितलं. हवा, अडथळा, रेंज. ऐकून घेतलं. मग म्हणाली, ताई दोन वर्षं सांगत होती गाडी उंच आहे, चढवत नाही. तेव्हा तुम्ही तिला स्टूल आणून दिलंत. आता गाडी खाली करताय होय.

तिला एरोडायनॅमिक्सचा गंध नाही. स्टूल उत्तम होतं. प्लास्टिकचं, रबरी बुडाचं, घसरत नाही. मी दार धरायचो, ही एक पाय स्टूलवर, एक हात माझ्या खांद्यावर, आणि मग आत. कधी पडली नाही.

मग ते स्टूल अजून डिकीत कशाला, असंही विचारून झालं. चाक बदलताना बसायला, म्हटलं. तिने डबा फ्रिजमध्ये ठेवला, ओटा पुसला. जाताना म्हणाली, तुमच्या गाडीत पुढच्या सीटवर साधी पर्स ठेवायची तरी विचारावं लागतं हो.

विचारायला काय हरकत आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार
दुपारपर्यंत चारही व्हायच्या होत्या, ती मागची दुपार. आज गॅरेजवाल्याला बोलावलं. हरलो म्हणून नाही, अवजार नीट नव्हतं म्हणून. तो जाडजूड, बोलका माणूस. स्प्रिंग बघून आधी मागे सरकला, मग फोनवर फोटो काढला. हळूहळू सोडवली. सुटताना जो आवाज झाला त्याने खालच्या मजल्यावरचे वर आले. खांब परत बसवून गाडी त्याच्या गॅरेजमध्ये नेली. बाकीचं तिकडे करू, म्हणाला. काका, सोबत अलॉय व्हील पण टाका, गाडी हिरो दिसेल. नको म्हटलं.

स्प्रिंग घरातून गेली. हॉलमध्येच झोपलो. हॉलमध्ये हवा चांगली येते.

२१ फेब्रुवारी, बुधवार
गॅरेजमध्ये जाऊन बघितलं. मागच्या दोन्ही स्प्रिंगा उलट्या बसवल्या होत्या, छापलेलं नाव डोकं खाली पाय वर. दाखवल्यावर म्हणाला, बसतील हो, स्प्रिंगला काय वाचता येतं. उभं राहून सरळ करून घेतल्या. संध्याकाळी गाडी घरी.

छान दिसते. एखाद्याने मांडी घालून बसावं तशी जमिनीला टेकून आहे.

पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. शेजारचं दार उघडून त्या बाजूने बसून पाहिलं. एकदम सोपं. पाय सरळ आत जातात, कशाला धरावं लागत नाही, स्टूल तर नाहीच. उतरून पुन्हा बसलो. उतरलो, पुन्हा बसलो. पाच मिनिटं तसाच बसून राहिलो. समोरून सगळं वेगळं दिसतं त्या बाजूने. स्टिअरिंगपाशी कोणी नसतं.

याचा रेंजशी संबंध नाही. सहज केलं.

२५ फेब्रुवारी, रविवार
रेंजची चाचणी. बायपासने जाऊन परत. निकाल पूर्वीपेक्षा किंचित कमी. वारा उलटा होता. येताना सुलटा होता हे खरं, पण तेव्हा ट्रॅफिक होता.

घरी येऊन विचार केला तेव्हा चूक सापडली. चाचणीच चुकीची. लिफ्ट कधी रिकामी तपासत नाहीत. आत वजनं ठेवायची, पूर्ण लोड द्यायचा, आणि मग वर-खाली करून बघायचं. रिकामी लिफ्ट कोणाचीही चालते. नवीन पोरांना मी हे किती वेळा सांगितलं असेल. आणि स्वतःची गाडी रिकामी तपासत बसलो. ही गाडी एका माणसासाठी नव्हतीच. जन्मभर, म्हणजे तिच्या जन्मभर, दोन माणसं घेऊन चालली. तिचा नेहमीचा लोड दोन माणसांचा.

निवृत्त होताना कंपनीने मोडीत काढलेली तपासणीची लोखंडी वजनं मी मागून आणली होती. ही म्हणाली होती, लोक घड्याळ घेऊन येतात. पण नंतर दारं अडकवायला तिनेच वापरली. आज सगळी गोळा केली. वीस, वीस, दहा, पाच, दोन, एक. अठ्ठावन्न किलो.

दवाखान्यात शेवटी बेचाळीस भरलं होतं. ते धरायचं नाही. ते आजाराचं वजन.

२७ फेब्रुवारी, मंगळवार
वजनं शेजारच्या सीटवर मांडली. गाडी सुरू केल्याबरोबर घंटा. पट्टा लावला. पट्टा वजनांवरून घसरतो, म्हणून पाठीशी एक उशी उभी केली. लोखंडाने सीटच्या कापडाला डाग पडतील, म्हणून वरून हिची राखाडी शाल घातली. कपाटात नुसतीच पडून होती. आता नीट बसलं. घंटा नाही, खडखड नाही.

गाडीचा तोल फार सुधारला. आधी माझ्या बाजूला जरा कलायची, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

३ मार्च, रविवार
चाकांचं अलाइनमेंट करायला गॅरेजमध्ये. गॅरेजवाल्याने काचेतून बघितलं, दार उघडलं, शाल उचलली, परत ठेवली. काका, हे काय. नेहमीचा लोड, म्हटलं. तो म्हणाला, अहो अलाइनमेंट रिकाम्या गाडीवर करतात. मी म्हटलं, तुमच्याकडे करत असतील. बराच वेळ वाद झाला. शेवटी म्हणाला, बरं बाबा, पण हा लोड काय कायम घेऊन फिरणार का. जोवर चाचणी आहे तोवर, म्हटलं. त्याने अठ्ठावन्न किलोसकट अलाइनमेंट केलं. मग पुन्हा अलॉय व्हीलचा विषय काढला. मग पाणी दिलं, आणि जरा हळू आवाजात विचारलं, घरी कोण कोण असतं. सगळे असतात म्हटलं. मुलगी येणार आहेच.

७ मार्च, गुरुवार
सिग्नलला एकदम ब्रेक मारावा लागला. माझा एक हात आपोआप आडवा गेला, शेजारच्या सीटपुढे. ते बरोबरच आहे. लोखंड आहे, सुटलं तर डॅशबोर्ड फुटेल.

शेजारच्या बाजूचा एसी सव्वीसवर आहे, माझा बावीसवर. दोन्ही एक करायचं राहून जातं. लोखंडाला काही फरक पडत नाही, पण वीज उगाच जाते. उद्या करतो.

बेसमेंटचा रॅम्प संपतो तिथे एक उंचवटा आहे. आज बाहेर पडताना तिथे पोट घासलं. खर्रकन आवाज. बॅटरीची पेटी सगळी पोटाखालीच असते. वाकून पाहिलं, नुसता ओरखडा आहे. नवीन स्प्रिंगा जरा बसतात, मग स्थिरावतात. आपोआप ठीक होईल. शिवाय तिरकी काढली की लागत नाही. गार्ड गाडीकडे वाकून बघत होता. माझ्याकडे नाही, शेजारच्या सीटकडे. मग कपाळाला हात लावून सलाम केला. हल्ली आदबीने वागतो.

१० मार्च, रविवार
दुसरी चाचणी, पूर्ण लोडवर. रेंज आणखी कमी. आता हे अपेक्षितच होतं, लोड आहे म्हटल्यावर. पण चाचणी शास्त्रशुद्ध झाली.

लांबून आलो. पुलाच्या पलीकडे नदीकाठी गाडी उभी करून थर्मासमधला चहा घेतला. थर्मासला दोन कप असतात. दुसरा स्वच्छ होता, तसाच परत आणला.

मुलीचा फोन. पुढच्या रविवारी सकाळची गाडी. बाबा, सीट दुरुस्त झाली ना. झाली म्हटलं. नक्की ना. नक्की.

निश्चय: शनिवारी वजनं काढायची. सीट पुसायची. शाल धुवायला टाकायची नाही, नुसती उन्हात टाकायची. धुतली की वास जातो.

१६ मार्च, शनिवार
खाली गेलो होतो. दार उघडलं. पट्टा काढला तर घंटा सुरू झाली. गाडी चालू होती, माझीच चूक. ती घंटा बेसमेंटमध्ये फार मोठी वाटते. पट्टा परत लावला.

आज पाठ भरली आहे. वीस किलो उचलताना वाकू नये, हे मी लोकांना शिकवलं आहे. तसंही घाई नाही. उद्या स्टेशनवर पोचलो की वजनं डिकीत टाकेन. मुलीच्या बॅगा मागच्या सीटवर. पाच मिनिटांचं काम. उलट रस्त्यात एक शेवटची चाचणी होऊन जाईल.

१७ मार्च, रविवार
स्टेशनवर पोचलो नाही.

वेळेत निघालो होतो. रॅम्पवर तिरकी घ्यायला जागा नव्हती, बाजूला कोणाची तरी स्कूटर लावलेली. सरळ घेतली. उंचवट्यावर पोट टेकलं आणि गाडी तिथेच बसली. पुढची चाकं सुटल्यासारखी फिरायला लागली. पुढे नाही, मागे नाही. मागे दोन गाड्या येऊन थांबल्या. एकाने हॉर्न दिला, दुसऱ्याने दार उघडून काय झालं विचारलं. मी उतरलो. तरी हलेना. गार्ड धावत आला, मागून ढकलून पाहिलं. घाम पुसत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, काका, काकूंना पण दोन मिनिटं उतरवा ना. वजन कमी झालं की निघेल. मघापासून बिचाऱ्या आतच बसल्यात.

उतरवतो म्हणालो.

दार उघडलं. पट्टा काढला. घंटा वाजली, वाजू दिली. शाल बाजूला केली. गार्ड माझ्यामागे उभा होता. वीसची दोन त्याने उचलली, बाकीची मी. भिंतीपाशी रांगेत ठेवली. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला तेव्हा गार्ड त्याच्याकडे वळून म्हणाला, थांबा की जरा, माणसाला वेळ लागतो. मग गाडी एका धक्क्यात निघाली. रस्त्यावर बाजूला घेऊन उभी केली. गार्डने उशी आणि घडी केलेली शाल खिडकीतून माझ्या हातात दिली.

फोनवर मुलीचे चार मिस्ड कॉल होते. टॅक्सीत बसले आहे, असा मेसेज.

घरी आली तेव्हा मी हॉलमध्ये शाल घेऊन बसलो होतो. रॅम्पवर अडकलो, म्हटलं. कशाने, म्हणाली. गाडी खाली केली आहे, म्हटलं. तिने बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, आईसाठी? मी म्हटलं, रेंजसाठी. ती म्हणाली, बरं.

चहा तिने केला.

१८ मार्च, सोमवार
मुलीला तिच्या मैत्रिणीकडे सोडायचं होतं. गाडी मी एकट्याने रॅम्पवरून वर आणली, ती गेटबाहेर उभी राहिली. एकटा असलो तर पोट लागत नाही. पुढचं दार तिने स्वतःच उघडलं. बसली, पाय लांब केले, म्हणाली, केवढी मागे आहे ही, बाबा, मी काय झोपायला आले आहे का. खालचा दांडा ओढून सीट कटकट करत पुढे घेतली, पाठ सरळ केली. मग तिच्या लक्षात आलं. हात तसाच दांड्यावर राहिला. मी गाडी सुरू केली. घंटा वाजली. पट्टा, म्हटलं. लावते हो, म्हणाली, आई तरी कुठे स्वतःहून लावायची.

खरं आहे. दर वेळी मी सांगायचो तेव्हा लावायची. हे मी विसरलो होतो.

थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, बापरे, किती गरम आहे माझ्या बाजूला. आणि सव्वीसचं बावीस केलं.

२४ मार्च, रविवार
मुलीला स्टेशनवर सोडून आलो. पुढे बसली होती. गाडी सुटेपर्यंत खिडकीत उभी. मागच्या वेळी फलाटावर माझ्याशी बोलली नव्हती. या वेळी, अलॉय व्हीलच्या बाबतीत गॅरेजवाल्याचं ऐकू नका, एवढं तीनदा सांगितलं.

येताना गाडीत काही आवाज नव्हता. इलेक्ट्रिक गाडीला तसा नसतोच. घंटा वाजली नाही.

बेसमेंटमध्ये गाडी लावली आणि शेजारची सीट पूर्ववत करायला घेतली. दांडा ओढला, मागे घेतली. एक खाच मागे की दोन, आठवेना. पाठ किती कलती होती, तेही. या खाचेत बसून पाहिलं, मग त्या. दोन्ही बरोबर वाटल्या. मग मुलीने ठेवली होती तशीच परत पुढे घेऊन ठेवली.

त्या सीटवरून उतरताना माझे गुडघे वाजले. खाली केल्यापासून माझ्या बाजूनेही उतरायला दाराला धरावं लागतं. गॅरेजवाल्याला फोन केला, जुन्या स्प्रिंगा परत बसवायच्या आहेत. गुरुवारी आणा, म्हणाला. एकंदरीत प्रयोग यशस्वी झाला. निष्कर्ष: मूळ स्प्रिंगा या गाडीला योग्य होत्या.

वजनं भिंतीपाशी अजून तशीच आहेत. गार्डने विचारलं, एक गेटला अडकवायला घेऊ का, वाऱ्याने आपटतं. घे म्हटलं. वीसचं घे.

डिकीतून स्टूल काढलं आणि लिफ्टने वर आणलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून ट्यूब आणली होती. बेडरूममध्ये स्टूल ठेवून वर चढलो. जुनी ट्यूब काढली, नवी बसवली, खाली उतरून बटण दाबलं.